दुधाच्या पिशव्या धुणं आता बास करूया का?

खिडकीतला (धागाकर्ता), १५ ऑगस्ट २०२०

कोरोनामुळे मार्चपासून आमच्याकडे (तुमच्याकडेही असणारच) जो सोहळा चाललाय तो आता बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुधाच्या पिशव्या साबणाने, बिस्किटांचे पुडे साबणाने, भाजी आधी मिठाच्या मग खायच्या सोड्याच्या पाण्यात, किराणा बाल्कनीत क्वारंटाइन, नोटांना इस्त्री. परवा रव्याचं पाकीट धुतलं, दुकानदार वर स्टेपलरची पिन मारतो ना तिथून पाणी आत गेलं आणि अर्ध्या रव्याचा गोळा, बायको म्हणाली आता तूच खा शिरा करून.

हे सुरू कुठून झालं आठवा. १७ मार्चला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकात संशोधकांचं ते पत्र आलं, प्लास्टिकवर विषाणू ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८, पुठ्ठ्यावर २४, तांब्यावर ४. व्हॉट्सॅपवर तेवढाच ७२ चा आकडा फिरला. त्याच पत्रात हवेत तरंगणाऱ्या बारीक थेंबांत तो ३ तास, म्हणजे प्रयोग चालला तेवढा पूर्ण वेळ, टिकला असंही होतं, ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. आणि ७२ तास म्हणजे शेवटपर्यंत तेवढ्याच जोमात असं पण नाही, प्लास्टिकवर साधारण दर सात तासांनी निम्मा होत जातो. आता जुलैत लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेसमध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे इमॅन्युएल गोल्डमन लिहितात की वस्तूंवरून होणाऱ्या संसर्गाचं फार फुगवून सांगितलं गेलंय, प्रयोगात जेवढा विषाणू ओतला तेवढा खऱ्या आयुष्यात कुणी शिंकून ठेवत नाही. बाधित माणूस त्या वस्तूवर खोकला आणि तासा-दोन तासांत तुम्ही तिथेच हात लावून नाकाला लावलात तर गोष्ट वेगळी.

आमच्या सोसायटीत गेटवर प्रत्येक पार्सलवर हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) फवारतात. आणि गणपतीचं काय करायचं हे ठरवायला कमिटीची सगळी मंडळी बंद क्लबहाउसमध्ये, एसी लावून, मास्क हनुवटीवर, चहा पीत बसली होती. ह्याला काय म्हणायचं?

मीनल_ठाणे

असहमत. तुमच्या घरात कोण कोण आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. माझ्या सासऱ्यांची केमो चालू आहे. त्यांच्या पांढऱ्या पेशी कधी किती असतील ते आम्हाला रिपोर्ट येईपर्यंत कळत नाही. तुमच्यासाठी "धोका कमी" म्हणजे विषय संपला, आमच्यासाठी कमी म्हणजे शून्य नाही. पिशवी धुवायला अर्धं मिनिट लागतं हो. हप्ता इतका स्वस्त असताना मी विमा का बंद करू?

दुसरं, तज्ञ. मार्चमध्ये साध्या लोकांनी मास्क लावायची गरज नाही म्हणणारे तज्ञच होते ना? डब्ल्यूएचओने ५ जूनला ते बदललं. उद्या पिशव्यांबद्दल बदललं तर गोल्डमन साहेब ठाण्याला येणार आहेत का?

आळशी_मांजर

धागाकर्त्याला +१. आमच्याकडे कोथिंबीर साबणाने धुतली होती एप्रिलमध्ये. पिठल्याला फेस आला नाही एवढंच.

सूक्ष्मजीव

मायक्रोबायॉलॉजी शिकवते म्हणून चार ओळी. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो, हे खरं. पण साबण हातांना लावायचा आहे, फ्लॉवरला नाही. सामान लावून झालं की वीस सेकंद हात धुवा, ओटा पुसा, संपलं. पिशवीवर असला-नसला तरी तो तिथून उडून नाकात जात नाही, तुमच्या हाताने जातो, आणि हात धुतल्यावर ती साखळी तुटते. म्हणजे बारा पाकिटं धुण्याऐवजी दोन हात.

भाजीबद्दल एफएसएसएआयने (केंद्र सरकारची अन्न सुरक्षा संस्था) सरळ सांगितलंय की साबण, जंतुनाशक, वाइप्स काही वापरू नका, पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुवा. भाजीवर साबण राहिला तर पोट बिघडणार, आणि आत्ता जुलाब घेऊन दवाखान्यात बसायची वेळ कुणावर येऊ नये.

आणि कृपा करून हायपोक्लोराइट किंवा ब्लीच घरातल्या कशातही मिसळू नका. संडास साफ करायच्या लिक्विडमध्ये अ‍ॅसिड असतं, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "डबल स्ट्राँग" म्हणून बाथरूमचं दार लावून हे केलं, डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना, आणि खोकला म्हटल्यावर घरच्यांना वाटलं कोरोनाच झाला. अमेरिकेत सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) मे महिन्यात ५०२ जणांना विचारलं तर ३९ टक्के लोकांनी असलं काहीतरी धोक्याचं केलेलं निघालं, १९ टक्के तर खायच्या वस्तू ब्लीचने धूत होते.

ऑकलंडवासी

मीनलताईंच्या बाजूने थोडं. इथे न्यूझीलंडमध्ये १०२ दिवस समाजात एकही केस नव्हती, आम्ही मास्क विसरून लग्नं-बारशी करत होतो, आणि ११ ऑगस्टला अचानक एका कुटुंबात चार केसेस. त्यातला एकजण कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो, परदेशातून आलेला फ्रोजन माल तिथे येतो, म्हणून सरकार आता तिथल्या भिंती-पॅकिंगचे स्वॅब घेतंय. इथल्या आरोग्य खात्याला जे शक्य वाटतं म्हणून ते तपासतायत ते तुम्ही पुण्यात खिडकीत बसून निकालात काढताय. परवाच चीनमध्ये शेन्झेनला ब्राझीलहून आलेल्या चिकन विंग्जवर पण सापडला.

सूक्ष्मजीव

शेन्झेनला सापडला तो आरएनए, म्हणजे विषाणूचा अंश. पीसीआर चाचणीला जिवंत-मेला कळत नाही. जिवंत आहे का ते बघायला पेशींमध्ये वाढवून बघावं लागतं. डब्ल्यूएचओनेही लगेच सांगितलं की खाण्याच्या पॅकिंगची भीती बाळगू नका. ऑकलंडचं तपासू दे, तपासायलाच हवं, शीत साखळीत विषाणू जास्त टिकतो हे खरं आहे. पण उणे अठराच्या गोदामात दिवसभर खोकी उचलणारा माणूस आणि ऑगस्टच्या उकाड्यात आपल्या दारात अडकवलेली दुधाची पिशवी यात फरक आहे.

चूल_आणि_झूम

कुणी एकाने तरी लिहावं की हे धुतं कोण? धागाकर्त्यांनी "आमच्याकडे सोहळा चाललाय" असं लिहिलंय, कर्ता गायब. सोसायटीने मावशींना बंदी केली तेव्हापासून माझा दिवस असा: सकाळी दूध धुणे, मग भांडी, मग ऑफिसचा कॉल म्यूटवर ठेवून भाजी निवडणे, कांदे-बटाटे वर्तमानपत्रावर वाळत घालणे, मुलाचा ऑनलाइन वर्ग, परत भांडी. नवरा सामान आणतो आणि युद्धावरून आल्यासारखा दारात उभा राहून "हात लावू नको, आधी सॅनिटायझर दे" म्हणतो आणि आंघोळीला जातो. अर्धं मिनिट लागतं म्हणणाऱ्या मीनलताई, आठवड्याचा किराणा एकदा घड्याळ लावून धुवून बघा. घाबरतं घरातलं एक माणूस, राबतं दुसरंच.

मीनल_ठाणे

घड्याळ लावायची गरज नाही, रोज मीच धुते. आणि हो, राबते मीच, तरी धुते, कारण रात्री झोप लागते. ते तुम्हाला कुठल्या जर्नलमध्ये मिळणार नाही.

खवचट_खानदेशी

एवढं घाबरून जगायचं असेल तर फ्रीजमध्येच बसा सगळे. आमच्याकडे शेतातली काकडी शर्टाला पुसून खातो. साधा फ्लू आहे, मीडियाने डोक्यावर घेतलाय.

सातवा_मजला

@खवचट, साधा फ्लू म्हणू नका. आमच्या विंगमध्ये दोन जण गेले. पिशव्या धुवायच्या की नाही हा वाद आणि रोग खरा की खोटा हा वाद, दोन्ही एका धाग्यात नको.

मूळ मुद्द्यावर: जुलैत मुंबईचा सीरो सर्व्हे (रक्त तपासून किती जणांना होऊन गेला ते बघतात तो) आला ना, तीन वॉर्डांचा, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी आणि इमारतींत १६. आमच्या ग्रुपवर लगेच एकाने लिहिलं, "बघा, आपण धुतो म्हणून १६." धुवून नाही हो, इमारतीत प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा संडास आणि वर्क फ्रॉम होम आहे म्हणून १६. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं झोपतात तिथे काय धुणार?

ऑकलंडवासी

पण सार्वजनिक संडासाची कडी, नळ, हे पृष्ठभागच झाले की. मग तुमचा आकडा आमच्या बाजूने पण लावता येतो.

सातवा_मजला

लावा की. तिथे रांग पण असते आणि आत हवा पण खेळत नाही. कडीने झाला की श्वासाने, त्या आकड्यावरून दोन्ही सिद्ध होत नाही. माझा मुद्दा एवढाच की १६ चं श्रेय आपल्या सिंकला देऊ नका.

गल्लेवाला (डोंबिवली)

मी किराणा दुकान चालवतो. वाचत होतो, राहवलं नाही. गिऱ्हाईक येतं, काउंटरपासून चार हात लांब उभं राहतं, "शेट हात सॅनिटाइज करून मग तूरडाळ मोजा" म्हणतं, पैसे प्लास्टिकच्या थाळीत टाकतं, हे सगळं ठीक, मी पण करतो. पण तेच गिऱ्हाईक ऐकू येत नाही म्हणून मास्क खाली ओढून मला यादी वाचून दाखवतं, तोंडासमोर. दिवसभरात असे किती येतात मोजत नाही मी. माझा पोऱ्या जुलैत पॉझिटिव्ह आला. त्याला डाळीच्या पोत्याने झाला असं मला वाटत नाही.

मे महिन्यात ११ ते १७ वाशीचं मार्केट बंद ठेवलं होतं, केसेस फार वाढल्या म्हणून. झाला कुणाला? व्यापारी, माथाडी, ड्रायव्हर, जे पहाटे एकमेकांच्या अंगावर उभे राहून काम करतात. तिकडे चेन्नईला कोयंबेडू मार्केटचं पण तसंच. तिथून निघालेला कांदा तर लाखो घरांत गेला.

आणि एक विनंती. आम्ही सुटा माल बांधून देतो ती पिशवी हवाबंद नसते. धुवून पाणी आत गेलं की दोन दिवसांनी "पोह्यांना बुरशी आली" म्हणून परत आणू नका. डब्यात ओता, पिशवी टाका, हात धुवा.

खिडकीतला

गल्लेवाले, हेच मला म्हणायचं होतं. @चूल_आणि_झूम, कर्ता मीच आहे, आमच्याकडे धुण्याचं खातं माझ्याकडे, म्हणूनच रवा माझ्या माथी आला.

मीनलताई, तुमच्या घराला मी नको म्हणणार नाही. पण एक विचारतो. सासऱ्यांना केमोला नेता तेव्हा रिक्षाने की कॅबने? काचा उघड्या असतात का? डे-केअर वॉर्डमध्ये शेजारच्या बेडचे नातेवाईक मास्क घालतात का? माझी भीती अशी की पिशव्या धुवून माणसाला वाटतं आपला वाटा झाला, आणि मग त्याच दिवशी संध्याकाळी मेव्हणा चहाला येतो, "घरचाच आहे" म्हणून त्याला मास्क काढायला सांगतात. १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाची तालीम झाली, ६१ लोक जमले, ५३ आजारी पडले. एकाला लक्षणं होती, बाकीचे अडीच तास एका हॉलमध्ये गात होते.

मीनल_ठाणे

त्याच तालमीत खुर्च्या पण हलवल्या होत्या आणि खाऊ पण वाटला होता, पूर्ण रिपोर्ट मी पण वाचलाय. पण ठीक, ५३ जणांना खुर्चीने झाला असं मी म्हणणार नाही.

कॅबने नेतो. काचा उघड्या, पाऊस असला तरी. डे-केअरमध्ये शेजारच्यांना मास्क वर घ्या म्हणून मी सांगते आणि दर वेळी कुणीतरी माझ्याकडे रागाने बघतं. मेव्हणे-बिव्हणे दारातूनच परत, ह्यांची सख्खी बहीण राखीला जिन्यात उभी राहून गेली, ती अजून बोलत नाहीये माझ्याशी. तेव्हा मी एक करते म्हणून दुसरं विसरते असं गृहीत धरू नका, काही लोक दोन्ही करतात. तुम्ही सरासरी माणसाबद्दल बोलताय, माझ्याकडे एकच माणूस आहे.

चूल_आणि_झूम

हे पटलं. पण मग तुमच्या घरचा नियम आमच्या सोसायटीने सगळ्यांना लावू नये. आमच्याकडे पार्सल गेटवर २४ तास ठेवायचा ठराव झालाय, त्यात परवा एकीचं इन्सुलिन उन्हात राहिलं.

मीनल_ठाणे

बाप रे. नाही, त्याला माझा पाठिंबा नाही. औषधं आणि नाशवंत लगेच वर गेलंच पाहिजे.

@सूक्ष्मजीव, तुमचं ऐकून कोरडा किराणा न धुता एक दिवस बाजूला ठेवून बघीन. दूध मात्र धुणार. आणि आता २२ तारखेला गणपती, बाजारातल्या दूर्वा, केवडा, जास्वंद, पत्री यांचं काय करू? सोड्याच्या पाण्यात पत्री काळी पडते.

सूक्ष्मजीव

नळाच्या पाण्यात बुचकळून निथळत ठेवा, आदल्या दिवशी आणा म्हणजे रात्रभर पडून राहतील. सोडा नको. आरतीला किती जण?

मीनल_ठाणे

आम्ही चौघं. बाकी सगळे झूमवर, आणि टाळांचा ताळमेळ लागत नाही म्हणून दीर आत्तापासून भांडतायत.