पेरूचं झाड ठेवू की काढू? मऊ बियांची जात सुचवा

परसातलं पेरूचं झाड आता ६ वर्षांचं झालंय. एका फार गोड पेरूच्या बिया आईने हौसेने कुंडीत टाकल्या होत्या. त्यातलं सगळ्यात जोमदार रोप जमिनीत लावलं. ऊन भरपूर, पाणी निचरून जातं, शेणखतही देते. झाड छपरापर्यंत पोचलंय, पण फळ मनासारखं नाही.

फळ लिंबाहून जरासंच मोठं, गर थोडा आणि बिया खड्यांसारख्या. आईला आता कवळी आहे. ती फोड तोंडात धरून गर चोखते आणि बिया वाटीत काढून ठेवते. शिवाय पावसाळ्यात एकही पेरू धड मिळत नाही. वरून पिवळाधमक, पण सालीवर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका असतो आणि तिथे बोट लावलं की दबतं. कापला की आत पांढऱ्या अळ्या. हिवाळ्यातल्या फळांत हा त्रास बराच कमी.

हे झाड काढून नवीन लावू का? सरदार, ललित, अर्का मृदुला ही नावं ऐकली आहेत. आईला बियांसकट चावून खाता येईल अशी जात हवी. झाड तिने वाढवलंय, त्यामुळे कुऱ्हाड लावायला हात धजत नाही.

प्रतिसाद १

झाड काढू नका. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

बियांपासून आलेलं झाड आईझाडासारखंच निघेल याची खात्री नसते, म्हणून पेरू कलमाचाच लावतात. पण ६ वर्षांची मुळं हाताशी आहेत, ती वाया का घालवायची? अर्धं झाड कमरेएवढ्या उंचीवर छाटा, उरलेल्या फांद्या यंदा राहू द्या. छाटलेल्या खोडाला धुमारे फुटतील. त्यातले चार-पाच नीट अंतरावरचे ठेवून बाकीचे खुडा आणि पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यांवर हव्या त्या जातीचं पाचर कलम (त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून धुमाऱ्याच्या चिरेत बसवणं) करून घ्या. कलमाखालून येणारे फुटवे मात्र लगेच काढत राहा, नाहीतर जुनंच झाड पुन्हा वर येईल.

जात म्हणाल तर आईंसाठी अर्का मृदुला. पांढरा गर, गोड आणि बिया खरंच मऊ. सरदार म्हणजे लखनौ ४९. भरपूर फळं देतो, चवीला उत्तम, पण कवळीवाल्याला मी तो सुचवणार नाही. ललित गुलाबी गराचा आहे, रंगाची आवड असेल तर एका फांदीवर तोही बांधता येईल.

प्रतिसाद २

अळीबद्दल लिहिते, कारण जात बदलून ती जाणार नाही. तो ठिपका म्हणजे फळमाशीच्या मादीने अंडी घालायला टोचलेली जागा. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते, म्हणून गळलेला पेरू झाडाखाली एक दिवसही राहू देऊ नका. कंपोस्टमध्येही टाकू नका. मिथाईल युजेनॉलच्या (नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या) सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. फळ सुपारीएवढं झालं की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. मी हेच करते.

पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. आंबे बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडाला येणारी, जिची फळं पावसाळ्यात मिळतात ती) फुलं खुडून मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं) धरलात तर फळं हिवाळ्यात मिळतील. ती गोडही जास्त असतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, तिने लगेच कोणती बाजू छाटायची ते बोटाने दाखवलं. एक शंका राहिली: कलमाची काडी कशी निवडायची?

प्रतिसाद १

फळं देणाऱ्या निरोगी झाडाची, धुमाऱ्याएवढ्याच जाडीची, साधारण वीतभर. कापण्याआधी आठवडाभर तिची पानं देठ ठेवून छाटायला सांगा, म्हणजे डोळे (पानांच्या बगलेतले कोंब) फुगतात. बांधल्यावर वरून प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घाला आणि कोंब दिसेपर्यंत काढू नका.