संतांच्या मूर्ती आणि संतांकडे प्रार्थना: मुलांना नेमकं काय शिकवायचं?

आगाशीकर: दृढीकरण संस्काराच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या विधीच्या) तयारी वर्गातली मुलं सध्या दोन प्रश्न घेऊन येतात. एक, "मूर्ती करू नको ही आज्ञा कॅथलिकांनी गाळली" असं त्यांचे दुसऱ्या पंथातले मित्र सांगतात. दोन, ख्रिस्त एकमेव मध्यस्थ आहे, मग संत अँथनीकडे मागायचं कशाला? शिवाय घरोघरच्या आया विचारतात की तुटलेल्या मूर्तीचं काय करायचं. नीट आधारासकट उत्तर हवं आहे.

धर्मशिक्षक_बोरिवली: आज्ञा गाळलेली नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात दहा आज्ञा आहेत, पण त्यांना क्रमांकच नाहीत. संत ऑगस्टिनच्या वाटणीप्रमाणे "अन्य देव नकोत" आणि "कोरीव मूर्ती नको" ही एकच, पहिली आज्ञा धरली जाते आणि लोभाच्या आज्ञेच्या दोन होतात. लुथरन मंडळीही असंच मोजतात. पाठांतराच्या पुस्तिकेत पहिल्या आज्ञेचं पहिलंच वाक्य छापतात, गैरसमज तिथूनच होतो. फळ्यावर पूर्ण उतारा लिहा.

मग त्याच पुस्तकाचा २५ वा अध्याय उघडा. कराराच्या कोशावर (आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पवित्र पेटीवर) सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, घडवायला देवच सांगतो. गणना या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात पितळी साप, तोही देवाच्याच सांगण्यावरून. पण इथे थांबू नका. २ राजे १८:४ वाचून दाखवाच: लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू तीच, लोकांचा भाव बदलला. चर्चची शिकवण याच मुद्द्यावर उभी आहे. निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने (७८७) म्हटलं की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये बजावलं की मूर्तीत कुठलीही दैवी शक्ती नाही, तिच्याकडे काही मागू नये, तिच्यावर भरवसा ठेवू नये. आराधना फक्त देवाची.

वर्गात नाही, चर्चमध्ये नेऊन शिकवा. ख्रिस्तप्रसादाच्या (मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीच्या) पेटीसमोर उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा. संताच्या मूर्तीला मान लववली तरी पुरे. संत अँथनीच्या पायाला हात लावून कपाळाला लावायचा आणि ख्रिस्तप्रसादासमोरून मात्र तसंच निघून जायचं, हे सर्रास दिसतं आणि मनाला लागतं. मुलांची ही सवय आधी मोडा.

पापडी_वाचक: मध्यस्थीबद्दल. मित्र "ख्रिस्त एकमेव मध्यस्थ" म्हणणारं १ तीमथ्य २:५ दाखवतात, तर त्याच अध्यायाचं पहिलं वचन वाचायला सांगा. तिथे पौल सर्वांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करायला सांगतो. शेजारणीला "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटल्याने ख्रिस्ताचं स्थान कमी होत नाही, संतांचंही तसंच. ते मेले म्हणून आपल्यापासून तुटले नाहीत (लूक २०:३८), आणि प्रकटीकरण ५:८ मध्ये पवित्र जनांच्या प्रार्थना धूपपात्रांतून देवापुढे नेल्या जातात.

ओळखायची खूण क्रियापदात आहे. संतांच्या लितानीत (नावं घेत म्हणायच्या प्रार्थनामाळेत) देवाला म्हणतो "आम्हांवर दया कर", संतांना म्हणतो "आमच्यासाठी विनंती कर". "नमो मरिया" या मरियेच्या प्रार्थनेचा शेवटही विनंतीनेच होतो. नऊ प्रती वाटा, नवव्या दिवशी काम होणारच, अशी पत्रकं हातात आली तर फाडून टाका. नोव्हेनाचे (सलग नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे) नऊ दिवस चिकाटीसाठी असतात, हमीसाठी नव्हे.

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये मेणाचा हात-पाय वाहतात ते मागणीची खूण म्हणून, मोबदला म्हणून नाही. आणि नवस म्हणजे देवाला दिलेलं वचन. संताकडे फक्त मध्यस्थी मागा. नवस फेडणं अशक्य झालं तर कोप होईल म्हणून घाबरत बसू नका. धर्मग्रामाचे (आपल्या चर्चच्या हद्दीचे) फादर योग्य कारण असेल तर मोकळीक देऊ शकतात, आणि तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत तो तुम्ही स्वतःही बदलू शकता.

आगाशीकर: आभार. तुटलेल्या मूर्तीचं राहिलं.

सांक्रिस्तान (चर्चमधल्या वस्तूंची देखभाल करणारा): मूर्ती तुटणं हा अपशकुन नाही, हे आधी सांगा. जोडता येत असेल तर जोडून वापरा. नाहीतर प्लास्टरची मूर्ती आकार उरणार नाही इतकी फोडून, पाय पडणार नाही अशा जागी पुरायची. लाकूड आणि कागदी चित्रं जाळून राख मातीत. पुठ्ठ्यावरची चित्रं काचेच्या चौकटीतून काढून मगच जाळा. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नये, आणि चर्चच्या भिंतीशी गुपचूप ठेवूनही जाऊ नये. आधी कार्यालयात विचारा.

घरच्या वेदीवर क्रूस मधोमध आणि एका संताची एकच मूर्ती. चर्चमध्येही एका संताची साधारण एकच प्रतिमा असावी असा नियम आहे.