सगळ्या प्राथमिक शाळा आयरिशमधून? तुमचे अनुभव लिहा

ओली छत्री (डब्लिन)

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत पालकांचं चहापान होतं. एक आजोबा म्हणाले, "देशातल्या सगळ्या प्राथमिक शाळा आयरिश माध्यमाच्या करून टाका. एक पिढी, बस्स. भाषा परत आलीच समजा." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत चाललं होतं.

आयर्लंडच्या 1937 च्या घटनेत आयरिश ही पहिली राजभाषा आहे आणि इंग्रजी दुसरी. 2022 च्या जनगणनेत 18,73,997 लोकांनी "आम्हाला आयरिश येतं" असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र 71,968. मधले बाकीचे कुठे गेले, हाच तर प्रश्न. आयरिश माध्यमाच्या शाळांत आज प्राथमिकची साधारण आठ टक्के मुलं असतील. ती शंभर टक्के करावीत का? इथे राहणाऱ्यांनी, राहून गेलेल्यांनी लिहा. मतं नंतर, आधी घरात काय घडलं ते सांगा.

सुरुवात मी करते. आम्ही गेलस्कल, म्हणजे आयरिश माध्यमाची शाळा, भाषाप्रेमाने निवडली नाही. जवळच्या शाळेत जागा नव्हती, इथे होती. पहिल्या वर्गात इंग्रजीचा शब्द नाही. पहिले दोन महिने लेक घरी येऊन गप्प बसायची. मग एका रात्री झोपेत बोलली, "अन विल क्यॅद अगम दुल गो दी अन लेहरस?" म्हणजे, मी संडासला जाऊ का? या देशात शाळा शिकलेला माणूस बाकी सगळं विसरतो, हे वाक्य विसरत नाही.

शिक्षिकेला आयरिशमध्ये 'मूनचोर' म्हणतात. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने ते ऐकलं आणि नातीला झापलं, "बाईंना चोर म्हणतेस?"

सहाव्या वर्षी शेजारची मुलं इंग्रजी गोष्टीची पुस्तकं वाचत होती आणि आमची अडखळत होती, कारण तिथे इंग्रजी वाचन उशिरा सुरू होतं. तेव्हा मी खरंच घाबरले होते. दुसरीत गेल्यावर फरक दिसेनासा झाला. गृहपाठात मात्र माझा उपयोग शून्य. आठ वर्षांची मुलगी मला शब्दकोशात शब्द कसा शोधायचा ते शिकवते.

मुक्काम गॉलवे

बायको इथलीच. तेरा-चौदा वर्षं आयरिश शिकली. वर लिहिलेलं संडासचं वाक्य आणि एक प्रार्थना, एवढं शिल्लक आहे.

पण मला लिहायचंय ते सासूबाईंबद्दल. "सगळ्या शाळा आयरिशमधून" हा प्रयोग करून झालेला आहे, हे चहापानवाल्या आजोबांना माहीत असणार. 1922 मध्ये स्वतंत्र आयर्लंडचं नवं राज्य आलं आणि लगेच सगळ्यात लहान वर्गांना फक्त आयरिशमधून शिकवायचं ठरलं. पुढे वरचे वर्गही ओढले गेले. ज्या गावात शंभर वर्षांत कुणी आयरिश बोललं नव्हतं, तिथेही. 1941 मध्ये शिक्षकांच्याच संघटनेने अहवाल काढला, की घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे झेपत नाही. 1966 मध्ये जॉन मॅकनमारा यांचा अभ्यास आला: आयरिशमधून गणित शिकलेली मुलं शाब्दिक उदाहरणांत 11 महिने मागे होती. त्या आकड्यावर नंतर बरेच वाद झाले. पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता.

सासूबाई त्या काळाच्या शेपटाला शाळेत होत्या. मास्तरांची छडी, घरी कुणाला न कळणारी भाषा, आणि वजाबाकी. आज ऐंशी उलटलेली ही बाई विणताना टाके आयरिशमध्ये मोजते. रेडिओवर आयरिश बातम्या लागल्या की मात्र उठून स्टेशन बदलते. दोन्ही एकाच शाळेतून आलं.

बोंबील फ्राय

मुलगा तेरा वर्षांचा असताना इथे आलो. त्या वयात येणाऱ्यांना आयरिश या विषयातून सूट मिळते. आम्ही पेढे वाटले. आता तो म्हणतो, प्राथमिक शिक्षक व्हायचंय. त्याला शालान्त परीक्षेत वरच्या पातळीचं आयरिश लागतं. पेढे परत घ्यायची सोय नाही.

खडूफळा (लिमरिकजवळ)

मी नाशिकला बी.एड. करून सहा वर्षं शिकवलं आणि मग इकडे आले. बाहेरून आलेल्या शिक्षकाला इथल्या प्राथमिक शाळेत पूर्ण नोंदणी हवी असेल तर आयरिशची परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि तोंडी दोन्ही. शिवाय गेल्टाख्टमध्ये, म्हणजे जिथे आयरिश अजून बोलली जाते त्या भागात, राहून अभ्यासक्रम करावा लागतो. त्यासाठी ठरावीक वर्षं मिळतात. माझं शेवटचं वर्ष चालू आहे.

एक मजा सांगते. त्या अभ्यासक्रमात आमचे उच्चार ऐकून बाई खूश झाल्या. आयरिशचे 'त' आणि 'द' आपल्यासारखे, जीभ दाताला लावून. इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथेच गाडी अडते. आणि आयरिशमध्ये 'हो'-'नाही'ला सुटा शब्दच नाही. "आलास का?" विचारलं की "आलो" किंवा "नाही आलो". आपण तरी दुसरं काय म्हणतो? मला वाटलं, जिंकलो. मग व्याकरणाचं पुस्तक उघडलं. शब्दाचं पहिलंच अक्षर बदलतं हो! 'बाई' हा शब्द कुणाला हाक मारताना वेगळा, कुणाच्या मालकीचा म्हटलं की वेगळा. शेवटचं अक्षर बदलण्याची आपल्याला सवय, इथे डोकंच बदलतं.

आता मुद्द्यावर. आमच्या शाळेत रोज अर्धा-पाऊण तास आयरिश असतं. मी आणि माझ्या निम्म्या सहकारी हवामान, डबा, रंग आणि "खिडकी बंद कर" एवढं छान बोलतो. त्या भाषेत अपूर्णांक समजावून सांगा म्हटलं तर? मी तीन अष्टमांश म्हणजे काय हे मराठीत झोपेत सांगेन, इंग्रजीत चहा पिता पिता सांगेन, आयरिशमध्ये फळ्यावर चित्र काढून पळून जाईन. तीन हजारांवर प्राथमिक शाळा आहेत. आजच डब्लिनमध्ये शिक्षक मिळत नाहीत. जे आहेत त्यांतले बरेच माझ्यासारखे. वाईट आयरिशमधून वाईट गणित, असं होईल ते.

डावखुरा

मी विरुद्ध बाजूने लिहितो, नाहीतर इथे सगळे एकाच सुरात गातील.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. माझ्या सख्ख्या भावाने मुलं इंग्रजी माध्यमात घातली, कारण "सगळे घालतात". मराठी शाळा चांगल्या होत्या की वाईट, याचा विचार करायला कुणी थांबलंच नाही. आईबापांच्या निवडीवर सोडलं की असं होतं. मग मराठी शाळा वाचवायला उरतात ती चार हौशी घरं.

इथेही तेच. गेलस्कलमध्ये कोण जातं? ज्यांच्या आईवडिलांना वेळ आणि माहिती आहे ते. काही जण तर "तिथे परदेशी मुलं कमी असतात" म्हणून घालतात, हे मी स्वतः खेळाच्या मैदानाच्या कडेला उभं राहून ऐकलंय. बोलणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. सगळ्याच शाळा आयरिश झाल्या तर ही भानगड संपेल. आणि माझी मुलगी? वर्गातला एक मुलगा तिला "तू इथली नाहीस" म्हणायचा. तिचं आयरिश त्याच्यापेक्षा बरं निघालं. आता तो तिच्याच वहीत डोकावतो.

@खडूफळा, शिक्षक नाहीत हे खरं. पण मागणीच नसेल तर ते तयार कोण करणार?

खडूफळा

@डावखुरा, मागणी 1922 ला पण केली होती की. सासूबाईंना विचारा.

मीठभाकर (कॉनेमारा)

मी नर्स. गॉलवेच्या पश्चिमेला, गेल्टाख्टमध्ये, वृद्धाश्रमात सात वर्षं काम केलं. मुलाखतीत मला आयरिश येतं का कुणी विचारलं नाही. पहिल्या आठवड्यात कळलं, की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं इंग्रजी आधी जातं. एक आजोबा रोज दुपारी म्हणायचे, "ता ऑकरस ऑरम." शब्दशः, भूक माझ्यावर आहे. मला ते वाक्य दुसऱ्या दिवशीच पाठ झालं, कारण आपलीही भूक 'लागते', आपल्याकडे ती 'असत' नाही. थंडी, ताप, लाज, सगळं त्यांच्यात माणसावर येऊन बसतं.

मुलं गावातल्या शाळेत. इथल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या आयरिशच. मग सगळं आलबेल असायला हवं ना? मधली सुट्टी झाली की मैदानात जाऊन ऐका. वर्गात आयरिश, मैदानात इंग्रजी. बाई ओरडल्या की पाच मिनिटं आयरिश. माझ्या थोरल्याचं आयरिश पक्कं झालं ते शेजारच्या म्हातारीकडे कोंबड्यांना दाणे टाकायला जाता जाता. तिने त्याच्याशी एकदाही इंग्रजी बोललं नाही. धाकटीच्या वेळी ती म्हातारी नव्हती. धाकटीचं आयरिश तिच्या वहीत आहे.

आणि एक. त्या म्हातारीचं घर आता सुट्टीतलं घर झालंय, वर्षाचे दहा महिने बंद. तिच्या नातवाला गावात घर मिळालं नाही म्हणून तो शहरात गेला. भाषेचा कायदा करणाऱ्यांनी आधी तेवढं बघावं. पोरांना आयरिश शिकवून ती बोलायची कुणाशी?

धुकं (बेलफास्ट)

थोडक्यात. आमच्याकडे, म्हणजे सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये, काही कुटुंबांनी शॉज रोडवर शेजारी शेजारी घरं बांधली, मुलांशी फक्त आयरिश बोलायचं ठरवलं, आणि 1971 मध्ये स्वतःची शाळा काढली. सरकारी मदत मिळायला 1984 उजाडलं. तोवर डबे फिरवून पैसे गोळा केले. सक्ती कुणीच केली नव्हती, उलट अडवत होते. एवढंच.

सातारची आजी

सुनेने टाइप करायला शिकवलंय, चुकभूल द्यावी. सहा महिन्यांसाठी कॉर्कला आले आहे. बत्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना शिकवलं.

नातू मला आकडे शिकवतो. दोनला दो. तीनला त्री. सातला शख्त. आठला ऑख्त. मी म्हटलं, अरे हे तर आपल्याच घरातून गेलेलं दिसतंय! तो म्हणाला, नाही आजी, हे कॉर्कचं आहे.

आम्ही आयुष्यभर सांगत आलो, पहिली इयत्ता मातृभाषेतून. म्हणून या आयरिश शाळेचं मला आधी फार कौतुक वाटलं. मग एके दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. आया मुलांना इंग्रजीत रागावत होत्या, इंग्रजीत पापे घेत होत्या. म्हणजे या लेकरांची मातृभाषा इंग्रजीच की! आयरिश ही त्यांची फार तर पणजीभाषा. मग आमचं मातृभाषेचं शस्त्र इथे उलटं फिरतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पणजीची भाषा शिकवू नये असं मी म्हणत नाही. नातवाची शिक्षिका फार गुणी आहे, गाणी म्हणते, नाचते, मुलं तिच्यामागे पळतात. पण पहिलीच्या बाईला ठाऊक असतं, की रडणाऱ्या पोराला समजावायला त्याच्या घरचा एक शब्द लागतो. तो शब्द वापरायला बंदी असेल तर मी अशी नोकरी केली नसती.

ओली छत्री

आजी, 'पणजीभाषा' मी उचलला. चहापानात आजोबांना सांगणार आहे.

@मीठभाकर, मैदानाचं वाचून काल मुद्दाम लेकीला विचारलं, डबा खाताना काय बोलता? म्हणाली, "बाई असल्या की आयरिश, नसल्या की इंग्रजी, आणि गुपित असलं की मी आणि ती पुण्याची मुलगी मराठी."

खडूफळा

माझी तोंडी परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. सरावाला कुणी मिळेल का? सहकाऱ्यांशी बोलायला लागलं की दोन मिनिटांत दोघीही इंग्रजीवर घसरतो.

ओली छत्री

आमच्या घरची मूनचोर रोज सात ते साडेसात मोकळी असते. व्हिडिओ कॉल चालेल. चुकलं तर हसते, आधीच सांगून ठेवते. फी एक बेसनाचा लाडू, पोस्टाने पाठवला तरी चालेल.