चंदगडात कॉफी: चंद्रगिरीची रोपं घेऊ का?

जांभ्या_माळ
राम राम मंडळी. चंदगडच्या पश्चिमेला घरची दोन एकर जांभ्याची जमीन आहे, उंची ७०० मीटरच्या आसपास. निम्म्यात जुने काजू, बाकी मोकळी, बांधाला फणस. विहीर २५ फूट व्यासाची, फेब्रुवारीअखेर १२-१३ फूट पाणी असतं. कोडगूहून (कूर्ग) चंद्रगिरी या कॉफीच्या जातीची रोपं मिळतायत. जूनमध्ये काजूच्या ओळींत लावली तर चालतील का?

घाटमाथा
चंद्रगिरी घेऊ नका. कॉफीचे मुख्य प्रकार दोन, अरेबिका आणि रोबस्टा. चंद्रगिरी ही अरेबिका, तिला हजार मीटरच्या वरचा गारवा लागतो. तुमच्या उंचीवर तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) येऊ शकतो, पण खरा घात पांढरा खोडकिडा करतो. भुंगेरा उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा काळ. अळी आत शिरली की सालीवर वळ उठतात, पानं पिवळी पडतात, आणि मग झाड उपटून जाळावंच लागतं.

रोबस्टाला हा किडा सहसा लागत नाही. त्यातली सी बाय आर (काँजेन्सिस आणि रोबस्टाचा संकर) घ्या, झाड आटोपशीर राहतं. ८ बाय ८ फुटांवर एकरी ६८० रोपं. एकाच झाडाची कलमं सगळीकडे लावू नका. रोबस्टाला परक्या झाडाचा पराग लागतो, नाहीतर फूल येऊन फळ धरत नाही. बियांपासूनच्या रोपांना ही अडचण नाही.

काजूखाली तर नकोच. सावली दाट आणि पाण्याची ओढाताण. मोकळ्या एकरात पांगारा, सिल्व्हर ओक लावा, पुढं त्यावर मिरी चढवता येईल. दीड फुटी खड्डे एप्रिलमध्येच काढून तापू द्या. तुमच्याकडचा पाऊस बघता लागण सप्टेंबरात, मुसळधार ओसरल्यावर. ओळींमध्ये चर हवेत, मुळाशी पाणी तुंबलं की रोप गेलंच.

तुषार_संच
लागणीपेक्षा पाण्याचा हिशोब आधी करा दादा, रोबस्टाचं पीक त्यावरच ठरतं. डिसेंबरपासून पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. कळ्या तयार झाल्या की फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम २५ ते ४० मिलिमीटर पाणी, तेही तुषारनं. आठेक दिवसांत सगळी बाग पांढरी होते. अर्धवट पाणी सर्वांत वाईट: कळी फुगते, पूर्ण उमलत नाही, त्या वर्षीचं फळ गेलं. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं पाणी, नाहीतर धरलेलं फळ गळतं.

एकराला ४० मिलिमीटर म्हणजे एक लाख साठ हजार लिटर. तुमच्या विहिरीत फुटाला साधारण चौदा हजार लिटर बसतं, म्हणजे एका पाण्यातच साडेअकरा फूट उपसा. झरा चांगला असेल तरच दुसरं पाणी निघेल. म्हणून सुरुवात एकच एकर. वीज आठ तासच असेल तर बागेचे दोन भाग करा, पण प्रत्येक भागाला पाणी एका दमात पुरं द्या.

जांभ्या_माळ
मग एकच एकर, सी बाय आर. तोडणी आणि हे पाणी एकाच वेळी येत नाही का?

घाटमाथा
येतं, म्हणून तोडणी पाण्याआधी उरकायची. झाडावरची वाळकी आणि खाली पडलेली फळंही वेचा, फळपोखर भुंगा त्यांतच तग धरतो. वाळवण शेणानं सारवलेल्या खळ्यावर नको, बियांना वास धरतो. सिमेंटचं खळं किंवा ताडपत्री, थर तीन इंचांपेक्षा जाड नको, दर तासाला उलथणं, रात्री झाकणं. मूठभर फळं हलवल्यावर आत बी खुळखुळली की ओलावा तपासा. ११ टक्क्यांच्या वर असताना पोत्यात भरलं तर बुरशी येते.