प्रतिसाद: दोन मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधं एकाच गोळीत कशासाठी?

आईच्या पायांवर सूज आहे, डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली गोळी दिलीय, तर एकाच कामाला दोन औषधं कशाला, असं तुम्ही विचारलंत.

दोघांची कामं वेगळी आहेत. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या हेन्लेच्या वळणात (लघवी तयार करणाऱ्या बारीक नलिकेचा एक भाग) सोडियम परत शोषू देत नाही, त्यामुळे लघवी भरपूर होते आणि सूज उतरते. पण ते सोडियम पुढच्या नलिकेत पोचलं, की अल्डोस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) थोडं परत घेतलं जातं आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. स्पायरोनोलॅक्टोन तिथेच अल्डोस्टेरॉनला अडवतं. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला मात्र काही दिवस लागतात.

वरच्या एका प्रतिसादात कुणीतरी रोज शहाळं द्यायला सांगितलंय, ते कृपया डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि या गोळीतलं स्पायरोनोलॅक्टोन शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं. सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल (रक्तदाबाची औषधं) चालू असेल, घरात 'लो सोडियम' मीठ असेल (त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं), तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि अनेकदा आधी काहीच जाणवत नाही. गुडघे दुखले म्हणून परस्पर आयबुप्रोफेनही देऊ नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.