पाठांतर: अर्थ आधी की नाद आधी?

वर एकांनी लिहिलंय की अर्थ कळल्याशिवाय काहीच पाठ करून घेऊ नये, नुसती पोपटपंची होते. पाढ्यांच्या बाबतीत एकदम मान्य. मी लेकीला (वय 6, घरीच शिकते) आधी ताटात बटणांच्या रांगा लावून दाखवल्या, सात आठे आणि आठ साते एकच हे तिने स्वतः ताट फिरवून पाहिलं, आणि मग 10 पर्यंतच्या पाढ्यांतले 100 गुणाकार एकदम 55 वर आले, त्यातून 1 आणि 10 चे काढले तर फक्त 36 उरतात, एवढ्याने तिची भीतीच गेली.

पण कवितेचं नाही पटलं. तिला एका कवितेतल्या 'निर्झर'चा अर्थ माहीत नव्हता, नुसता नाद आवडला म्हणून ती कविता महिनोन्‌महिने म्हणत होती, आणि एकदा खडकातून पाणी खळखळत येताना दिसलं तर माझा हात ओढून म्हणाली, आई, हाच ना निर्झर! त्यामुळे कविता निवडताना मी दोन-तीन मोठ्याने वाचते आणि ती 'परत वाच' म्हणते तीच घेते. अजून एक, उजळणीबद्दल इथे कोणीच बोललं नाहीये. स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं. म्हणून आमच्याकडे पाठ करायच्या गोष्टींच्या चिठ्ठ्या ठेवायला डब्यात तीन कप्पे आहेत, रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा, चिठ्ठी न अडखळता आली की पुढच्या कप्प्यात, अडखळली की परत रोजच्यात. पहिली चिठ्ठी घरचा पत्ता आणि माझा फोन नंबर, ती मात्र रोजच्या कप्प्यातून मी अजून हलवलेली नाही.