बाबांची गाडी एक्सचेंजला द्या म्हणून शोरूमवाले मागे लागलेत, कोऱ्या फॉर्मवर सह्या पण घेतल्यात, मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही भांडुपला राहतो. बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, डिसेंबर २०१७ ची, एमएच ०३ पासिंग, ४३ हजार किमी झालेत फक्त, कारण बाबा रिटायर होईपर्यंत लोकलनेच जायचे, गाडी म्हणजे रविवारी ठाण्याला आत्याकडे आणि वर्षातून दोनदा चिपळूण. आजवर एकही क्लेम नाही.

गेल्या महिन्यात बाबा एकटेच सर्व्हिसिंगला गेले. तिथे क्लच आणि सस्पेन्शन मिळून ३८ हजारांचं एस्टिमेट दिलं, आणि ते वाचून बाबा बसलेत तोवर सेल्सचा मुलगा चहा घेऊन हजर, काका एवढा खर्च जुन्या गाडीवर कशाला करताय, फुकट व्हॅल्युएशन करून देतो, बघायला काय जातंय. तेव्हापासून रोज फोन. काका तुम्ही आपले जुने कस्टमर म्हणून सांगतोय, १० वर्षं झाली की गाडी भंगारात जाणार, नवीन पेट्रोलने इंजिन खराब होणार, जीएसटी कमी झाल्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव पडलेत अजून पडतील, ऑफर ३१ तारखेपर्यंतच आहे. जुन्या गाडीचे २ लाख ६५ हजार देतायत आणि वर ३० हजार एक्सचेंज बोनस, बाकीचं लोन.

खरं सांगू का, पैशापेक्षा मला बाबांची काळजी वाटतेय. त्यांना रात्री झोप लागत नाहीये, सकाळी उठून विचारतात की आपली गाडी रस्त्यावर काढली तर पोलीस पकडतील का गं. पेन्शनमधून ५ वर्षं हप्ते भरायची तयारी ते निव्वळ भीतीने करतायत. परवा कळलं की व्हॅल्युएशनसाठी लागतात म्हणून त्यांच्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) कोऱ्याच सह्या घेतल्यात, ११ हजार टोकन पण दिलंय. आरसी अजून घरीच आहे.

१० वर्षांचं खरंय का? गाडीचा खरा भाव कसा कळेल? आणि सह्यांचं काय करू? कुणी या लाईनमधलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी ४ वर्षं एका डीलरकडे सेल्सला होतो, आता सोडलंय. आधी ते फॉर्म परत आणा, उद्याच, बाकी सगळं नंतर. गाडी विकली तरी आरटीओच्या रेकॉर्डला नाव बाबांचंच राहिलं आणि कुणी अपघात केला तर भरपाई बाबांच्या गळ्यात येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय की रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक. पुढे खरंच डीलरला द्यायची झाली तर १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९सी आहे, रजिस्टर्ड डीलरला गाडी देताना तो ऑनलाईन भरून आरटीओला कळवायचं, मग जबाबदारी त्याची होते. परिवहनच्या साईटवर गाडीला बाबांचा चालू मोबाईल नंबर आहे ना तेही बघा, आणि ओटीपी कुणालाच देऊ नका.

१० वर्षांचं बाबांना शांतपणे समजवा. तो नियम दिल्ली एनसीआरचा आणि तोही डिझेलचा, पेट्रोलला तिथेही १५ धरलीत. आपल्याकडे प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे २०३२ पर्यंत, त्यानंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी रिन्यू होतं. ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या त्या नवीन पेट्रोलचं म्हणाल तर ॲव्हरेज थोडं कमी मिळतं आणि जुन्या गाडीत रबरी पाईप, गॅस्केट कधीतरी बदलावे लागतील, पण म्हणून गाडी विकायची गरज नाही. जीएसटीचं मात्र खोटं नाही, २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, नवीन स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. अर्धं खरं असतं म्हणून तर माणूस विश्वास ठेवतो.

आमच्याकडे सकाळी सर्व्हिसकडून लिस्ट यायची, ५ वर्षांच्या वरच्या गाड्या, लोन संपलेले, इन्शुरन्स पुढच्या महिन्यात संपणारे, मोठं एस्टिमेट आलेले. कस्टमर वेटिंगमध्ये बसलेला असतानाच गाठायचा, आणि सर्व्हिस ॲडव्हायझरला त्या लीडचे पैसे मिळायचे. बाबांचं काही चुकलं नाही. ते ३८ हजारांचं एस्टिमेट आधी बाहेरच्या चांगल्या मेकॅनिकला दाखवा.

आणि एक करा, एकाच गाडीची दोन कोटेशन मागा, एक्सचेंजसकट आणि एक्सचेंजशिवाय, दोन्ही लेखी. आणि जुनीचा भाव दोन तीन ठिकाणी वेगळा काढा. सगळं एका हप्त्यात मिसळलं की कुठे किती गेले कळत नाही. अजून एक, क्लेम नसेल तर बाबांचा एनसीबी, म्हणजे इन्शुरन्सच्या प्रीमियममधला नो क्लेम बोनस, ५० टक्के असणार, तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, विकताना इन्शुरन्स कंपनीकडून पत्र घ्यायचं, ३ वर्षांत कधीही नवीन गाडीला लावता येतो. शोरूमवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती):

खूप खूप आभार दादा. तुमचं सगळं बाबांना दोनदा वाचून दाखवलं, २०३२ ऐकल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

भावाने नवीन गिऱ्हाईक म्हणून त्याच शोरूममध्ये तेच मॉडेल विचारलं, तर एक्सचेंजशिवाय २५ हजार कॅश डिस्काउंट लगेच लिहून दिला. बाबांच्या कोटेशनमध्ये तो डिस्काउंट नाहीच, त्याजागी ३० हजारांचा बोनस दाखवलाय, म्हणजे बोनस खरा ५ हजारच. जुन्या गाडीला बाहेर दोन ठिकाणी ३ लाख ५ हजार आणि ३ लाख १० हजार सांगितले. मेकॅनिक म्हणाला सस्पेन्शनचे बुश बदला, क्लचला अजून वर्षभर काही होत नाही, ६ हजारांत काम झालं. टोकन परत मिळालं, दीड तास बसावं लागलं पण मिळालं.

आता एकच अडकलंय. फॉर्म ३० परत दिला, पण बाबांना नक्की आठवतंय की फॉर्म २९ च्या दोन कॉपींवर सह्या केल्या होत्या आणि हातात एकच आलीये. तिथला मॅनेजर म्हणतो दुसरी नव्हतीच. ती रद्द समजावी असं शोरूमला ईमेलने कळवलंय. वडाळा आरटीओला पण लेखी अर्ज देऊन ठेवावा का, आणि कुणी असा दिलाय का, त्यात काय काय लिहायचं?